मी जिन्यात होते, मग मायला दारात कोणी आणलं?

या ग्रुपवरचे अनुभव मी दोन वर्षं वाचतेय. दुपारी मायला झोप लागली की वाचायचे आणि हसायचे. आमचे आबा म्हणायचे, ज्याच्या घराला सारखे हादरे बसतात त्याला भुताची भीती परवडत नाही. माझंही तसंच. देवाला हात जोडते तेसुद्धा सवयीनं. आज मीच इथं लिहायला बसलेय, याचं मलाच कसंतरी होतंय. शाळा सातवीपर्यंत झाली, चुका असतील तर सांभाळून घ्या. पण घडलं ते खरं आहे… आणि त्यात मी चांगली वागलेली नाही, हे आधीच सांगून टाकते.

मी पाटणकडची, कोयनेच्या खोऱ्यातली. नवरा रस्त्याच्या कामावर अकोल्याला आला, त्याच्यामागून मी आले. तो पुढच्या कामावर गेला तो परत आलाच नाही. तेव्हा मला छायाताईंनी घरात घेतलं. ताई शाळेत शिकवतात. जठारपेठेत तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट, आणि घरात त्यांची आई — सगळे तिला माय म्हणतात, मीही. मायला लकवा झालेला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तिची कूस बदलायची म्हटलं तरी दोन माणसं लागतात. मी एकटी असले की चादर गोळा करून ओढून ओढून करते. मायला अंघोळ घालणं, नळीनं पेज देणं, लघवीची पिशवी रिकामी करणं, सगळं ताईंनी स्वतः शिकवलं. परक्या गावात एकट्या बाईला कोण असं ठेवून घेतं? त्यांच्या ताटातलं मी खाल्लंय. हे विसरले तर माझ्यासारखी नालायक मीच.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या खोऱ्यात पोर चालायला लागलं की त्याला शिकवतात, जमीन हलली की पळायचं. चप्पल शोधायची नाही, मागं वळून बघायचं नाही. अंगणात पोचल्यावर घरातला मोठा माणूस एकेकाचं नाव घेऊन हाक मारतो आणि ज्यानं त्यानं ओ द्यायची. ओ आली म्हणजे माणूस बाहेर आलं. नाही आली तर एकच जण आत जाणार, बाकीच्यांनी हलायचं नाही. आणि दुसऱ्याची ओ आपण कधीच द्यायची नाही. लहानपणी एकदा मी गंमत म्हणून बहिणीची ओ दिली होती. आबांनी आयुष्यात मला एकदाच मारलं, ते तेव्हा.

गेल्या मेमधली गोष्ट. दुपारचे पावणेतीन वाजले असतील. ताई शाळेच्या कुठल्या तरी कामाला बाहेर गेलेल्या. माय तिच्या पलंगावर, दोन्ही बाजूंचं रेलिंग वर करून खिटी लावलेली. मी स्वयंपाकघरात पेज गाळत होते. हॉलमध्ये कूलरचा एवढा आवाज की जमिनीखालची गुरगुर मला आलीच नाही. एकदम मांडणीवरची ताटं वाजायला लागली, कूलरमधलं पाणी हिंदकळून फरशीवर आलं, आणि पायाखालून कोणीतरी पोतं ओढल्यासारखं झालं.

मी काही ठरवलं नाही. विचारही केला नाही. भानावर आले तेव्हा मी खाली पार्किंगमध्ये उभी होते, अनवाणी, हातात गाळणी.

सगळी बिल्डिंग खाली उतरली होती. ऊन असं की तळपाय भाजत होते. पहिल्या मजल्यावरच्या तायडेकाकू मला बघून म्हणाल्या, "काहून वं सातारकर, येतानी पिशवीत भूकंप घेऊन आलती काय?" दोघीतिघी हसल्या. आणि मी — आता हसू नका — आबा मारायचे तशी हाक मारली. घरातल्या माणसाच्या नावानं. घरात तर एकच माणूस होतं.

"माय!"

"ओ."

अगदी माझ्या उजव्या खांद्यामागून आली. म्हाताऱ्या बाईची, दमलेली, स्पष्ट ओ. वीज गेलेली, कूलर-पंखे सगळे बंद. ऐकण्यात चूक व्हायचं काही कारणच नव्हतं.

इथंच माझी चूक झाली. आमच्यातल्याच माणसाची होईल अशी. ओ आली आणि माझा जीव भांड्यात पडला. आली बाई बाहेर! मी गाळणी तायडेकाकूंच्या गाडीच्या सीटवर ठेवली आणि पदरानं तोंड पुसायला लागले. किती वेळ गेला असेल… अर्धं मिनिट? एक? तेवढा वेळ मी निवांत उभी होते.

मग तायडेकाकू इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "कोनं ओ देल्ली वं आत्ता?"

मी मागं वळले. माझ्या मागं भिंत होती. भिंतीला सायकली टेकवलेल्या. बाकी कोणी नाही.

आणि मग माझ्या डोक्यात शिरलं, की मायला बोलता येत नाही. लकवा झाल्यापासून चौदा महिन्यांत तिनं एक शब्द उच्चारलेला नाही. ती वर आहे. मी तिला टाकून आलेय.

मी जिन्याकडे धावले. मागून ओरडणं ऐकू आलं, "अवं कुठी चालली? येडी झाली काय? पुन्हा येते तो!" आणि तो आलाच. मी पहिला आणि दुसरा मजला यांच्यामधल्या वळणावर होते. दुसरा हादरा पहिल्यापेक्षा लहान होता म्हणतात, पण जिन्यात तो लहान वाटत नाही. मी भिंतीला धरलं, तळहात सोलवटला. आणि तेव्हाच वरून, आमच्या मजल्यावरून, धप्प असा आवाज आला. एकदाच. मला कळलं काय पडलं ते. मायच्या पलंगाच्या वरच्या स्लॅबला पावसाळ्यापासून पोपडे आले होते. ताई मिस्त्री बघत होत्या.

उरलेला दीड मजला मी कशी चढले मला आठवत नाही.

दार मी पळताना उघडंच टाकलं होतं. माय दारात बसलेली होती. चौकटीला पाठ लावून, पाय सरळ पसरून, पदर डोक्यावरून नीट घेतलेला. लघवीची पिशवी पलंगाच्या हुकावरून काढून तिच्या पायाशी जमिनीवर ठेवलेली, नळी कुठं दुमडलेली नाही. हे ज्याला शिकवलंय तोच करील. आत धुरळा भरला होता. पलंगावर, तिची उशी असते बरोबर तिथं, पाटीभर वजनाचा स्लॅबचा तुकडा. आणि रेलिंग… दोन्ही बाजूंचं वर. खिटी लावलेली.

मी तिला मिठी मारली आणि रडत बसले. तेवढ्यात तायडेकाकू आणि खालची माणसं वर आली. त्यांनी काय बघितलं? मी आणि माझ्या कुशीत माय. आतला पलंग. काकूंनी कपाळावर हात मारला, "बाप्पा बाप्पा! परत वर जाऊन म्हातारीले उचलून आनलं हिनं! एकटीनं!"

मी नाही म्हणायला पाहिजे होतं. पण म्हणाले नाही.

संध्याकाळी ताई आल्या. त्यांनी पलंग बघितला आणि माझे दोन्ही हात धरून स्वतःच्या डोळ्यांना लावले. "तू होती म्हनून माय हाय," म्हणाल्या. पुढच्या रविवारी सोसायटीनं पार्किंगमध्ये मला शाल आणि नारळ दिला. ती शाल मी अजून घडी मोडून बघितलेली नाही.

नंतर सहा-सात आठवडे लहान लहान हादरे येत राहिले. लोकांनी पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवून त्याकडे बघत जेवायचं, कोणाच्या तरी मोबाइलवर "आज मोठा येणार" असा मेसेज आला की सगळ्यांनी चटया घेऊन खाली. अमरावतीला राहणारे प्रवीणदादा, म्हणजे ताईंचे भाऊ, मायला आणि मला त्यांच्याकडे घेऊन गेले. खाली बसकं घर, पुढं अंगण. पलंग दाराजवळ लावला. तिथंही एकदोन धक्के जाणवले. प्रत्येक वेळी मी तिच्या अंगावर हात ठेवून बसून राहिले, पण एक पाय आपोआप दाराकडे वळलेला असायचा… मला माझ्या पायांचा भरवसा वाटेना. एकदा पळालेले पाय.

जुलैमध्ये एका शनिवारी दुपारी ताई अमरावतीला आल्या होत्या. त्यांना दहा दिवसांचं ट्रेनिंग लागलं होतं. त्याच दिवसांत दादा-वहिनींना मुलीला कॉलेजात पोचवायला पुण्याला जायचं होतं. चहा पिता पिता दादा माझ्याकडे बघून म्हणाले, "शालू हाय ना मायपाशी. मंग कायजी कायची?"

ते ऐकलं आणि मला बसवेना. मी न केलेल्या कामावर ते आपली आई सोडून चालले होते.

"ताई," मी म्हणाले, "त्या दिवशी मी मायला आणलं नाही. मी पळाले होते."

"काय बोलून रायली तू?"

"पहिल्या धक्क्यालाच खाली पळाले, मायला टाकून. परत आले तेव्हा ती दारात होती. स्लॅब पडला तेव्हा मी जिन्यात होते, ताई. मी पोचलेच नव्हते."

मी सगळं सांगितलं. ओ सुद्धा. वहिनींनी कप खाली ठेवला. दादा म्हणाले, "भेवानं मानूस विसरते. अंगात ताकद येते अन् मागून आठवत नाई. तूच आनलं असशीन." मी तळहातावरचा वण दाखवला. त्यावर त्यांनी, "नाईतं मायच सरकत आली असंन," म्हटलं, पण तेही त्यांनाच पटलं नसावं. रेलिंगवरून?

ताई उठून पलंगापाशी गेल्या. मायला विचारायचं असलं की आम्ही असं करतो, हो असेल तर एकदा डोळे मिटायचे, नाही असेल तर दोनदा.

"माय, त्या दिवशी तुले दारात कोनी आनलं? शालूनं?"

मायनं डोळे मिटले. एकदा.

दादा म्हणाले, "पाय, म्या काय म्हनत होतो!"

पण ताई शिक्षिका आहेत, त्या तिथं थांबल्या नाहीत. "ते वरचं पडाच्या आधी आनलं?"

एकदा.

"शालू दारातून आत आली अन् मंग तुले उचललं?"

दोनदा.

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू विचारलं, "शालू घरातच होती?"

एकदा. आणि मग मायनं माझ्याकडे बघून तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून हसल्यासारखं केलं. जसं काही मीच विसरलेय आणि ती मला समजून घेतेय.

मी माझी पिशवी भरायची मनात तयारी केली होती. जायचं कुठं तेही ठरवत होते. शेवटी ताई म्हणाल्या, "पयाली ना? पयाली. म्याबी पयाली असती, कोनाले मालूम. पर सांगाले दोन महिने कावून लागले वं तुले?" आणि त्यांना रडू फुटलं. त्या आठवड्यात त्यांनी ट्रेनिंग रद्द करून घेतलं आणि स्वतः मायजवळ राहिल्या. मला जा म्हणाल्या नाहीत. पण आता त्या मला "कायजी नाई" असंही म्हणत नाहीत, आणि तेच बरोबर आहे.

तायडेकाकूंना फोन करून विचारलं. ओ त्यांनीही ऐकली होती, शपथेवर सांगतात. आणि मी त्यांच्याशेजारी उभी होते हेही शपथेवर सांगतात. डॉक्टर म्हणाले, मेंदूला मार बसला की माणसाला भास होतात, तिच्या उत्तरांवर जाऊ नका. ठीक आहे. पण पिशवी हुकावरून कोणी काढली, हे डॉक्टरांना विचारलं तर ते घड्याळाकडे बघायला लागले.

मला भुतावर विश्वास नाही, आजही नाही. मग ते काय होतं, हे तुमच्यापैकी कोणाला माहीत असलं तर सांगा. चेष्टा करायची असेल तर तीही करा, मी दोन वर्षं तुमची केलीय.

एक राहिलं. मागच्या आठवड्यात सकाळी मी दादांच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. दोरी हलली, पत्रा वाजला… हलकाच धक्का होता, दोनतीन सेकंदांचा. मी बाहेरच होते, तरी या वेळी पाय आत पळाले, एवढं देवाचं म्हणा नाहीतर कोणाचं, मी देणं लागते. आत गेले. माय सुखरूप होती. पण ती दाराकडे बघत नव्हती. पलंगाच्या पलीकडच्या बाजूला, भिंतीला लागून जागा आहे तिथं, वर बघत होती. उभ्या माणसाच्या तोंडाकडे बघतात तसं. मी "माय" म्हणाले. तिनं मान वळवून मला बघितलं, मग परत तिकडे, मग परत मला. तिच्या कपाळावर आठी पडली, दोघींतली कोणती खरी असं कोणी विचारल्यासारखी.

मी तिच्या अंगावर हात ठेवून बसले. त्या बाजूला बघितलं नाही, आणि मायलाही काही विचारलं नाही.