अपग्रेड शंभर टक्के झालंय

आमच्या विभागाचा सर्व्हर नेमका कुठे आहे, हे विभागात कुणालाच ठाऊक नव्हतं. भाड्याचा होता, एवढं नक्की. मुंबईत की सिंगापुरात, यावर चहाच्या वेळी वाद व्हायचे. पण आमच्या औषधाच्या अभ्यासातल्या प्रत्येक रुग्णाचा डोस त्यातच होता, आणि दुसऱ्या दिवशी ओपीडी होती. हिमाचलातून रात्रभर बसने चंडीगडला येणाऱ्या बायकांना ती नोंद दिसल्याशिवाय गोळी देता येत नाही.

नेमका हाच मुहूर्त साधून विभागप्रमुख सरांना सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम जुनी झाल्याचा साक्षात्कार झाला. काम मिळालं इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरीला. मोहालीत आयटीत नोकरी, राहायला सेक्टर बावीस, मूळचा कोल्हापूरचा. माझ्या नवऱ्याचा दोस्त, त्यामुळे मी डॉक्टर असले तरी त्याची वहिनीच.

"सर्व्हर परत चालू झाला नाही तर आत कसं शिरणार?" मी विचारलं.

"कन्सोल हाय की वहिनी. सर्व्हरवाल्या कंपनीच्या वेबसाइटवरनं थेट मशीनचा स्क्रीन दिसतोय. टेन्शन घेऊ नका."

"मग आधी तो उघडून दाखवा."

त्याने पासवर्ड टाकला. ओटीपी गेला एका जुन्या ज्युनिअर डॉक्टरच्या मोबाइलवर, कारण त्या कंपनीतलं खातं त्याच्या नावावर. तो कॅनडात, आणि इथला नंबर त्याने केव्हाच बंद केलेला. या शहरातल्या निम्म्या किल्ल्या कॅनडात असतात.

आधी खातं आपल्या नावावर करून घेऊ, मग हात लावू, असं मी म्हटलं. सर हसले. "ओ कोई ना जी, आप वहम बहुत करती हैं." रक्ताची सोय झाल्याशिवाय हेच सर पेशंटला टेबलावर घेऊ देत नाहीत.

"आणि बॅकअप?"

"हाय की," सेक्रेटरी म्हणाला. कुठे? त्याच सर्व्हरवर.

मग मी वाद घातला नाही. सगळ्या नोंदी माझ्या टेबलावरच्या लॅपटॉपवर उतरवल्या, उघडून पाहिल्या आणि म्हटलं, करा काय करायचं ते.

अपग्रेड सुरू झालं. मध्येच मशीनने विचारलं, लॉगिनच्या जुन्या सेटिंग्ज ठेवायच्या की नव्या घ्यायच्या? आमच्या गड्याने बेधडक नव्या घेतल्या. आम्हाला आत सोडायची परवानगी जुन्यांमध्ये होती. सर्व्हर रीस्टार्ट झाला आणि आम्ही कायमचे बाहेर.

"अपग्रेड शंभर टक्के झालंय वहिनी," तो खालच्या आवाजात म्हणाला. "फक्त आत जाता येत नाही."

सरांना फोनवर त्याने यातलं पहिलंच वाक्य ऐकवलं.

सकाळी मी लॅपटॉपवरून ओपीडी चालवली. एकाही बाईला परत पाठवावं लागलं नाही. सर कप घेऊन आले, माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे पाहिलं आणि खूश झाले. "देखा? अपग्रेड के बाद कितना फास्ट हो गया!"

"सर, सर्व्हर कल से बंद है. यह मेरा लैपटॉप है."

सरांनी चहाचा घोट घेतला. "तो फिर इसी पे रहने दो जी. बढ़िया चल रहा है."

तो चहा त्यांच्या शर्टावर ओतावा असं फार वाटलं. पण दारात एक म्हातारी गोळीची रिकामी डबी घेऊन उभी होती. मी तिचं नाव शोधायला घेतलं.