चुकल्याचे पेढे

कोथरूडला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक शास्त्रज्ञ राहतात. स्फोट होऊन फुटलेल्या ताऱ्यांच्या ढगांत ज्या धक्कालहरी पसरतात, त्यांचा ते अतिनील प्रकाशात अभ्यास करतात. हा प्रकाश आपली हवा खाली येऊ देत नाही, म्हणून दुर्बीण उपग्रहावर बसवावी लागते, हे त्यांनी मला लिफ्टमध्ये अनेकदा समजावलं आहे. आमची लिफ्ट फार हळू चालते.

त्यांना प्रत्येक वाक्यात "ढोबळमानाने" लागतं. नळाला पाणी आलं का विचारलं, तरी "ढोबळमानाने आलं" म्हणतात.

एका ढगातली लहर फार वेगवान आहे, असं ते वर्षानुवर्षं सगळ्यांशी भांडून सांगत होते. परवा उपग्रहाकडून त्या ढगाचा वर्णपट आला आणि काल ते पेढे घेऊन आमच्या दारात उभे राहिले.

"म्हणजे तुमचंच खरं ठरलं," मी म्हटलं.

"नाही हो, साफ चुकलो. लहर बरीच संथ निघाली."

मागून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "यांचं चुकलं, म्हणून आम्ही पेढे वाटतोय. बरोबर आलं असतं तर जेवणच घालावं लागलं असतं."

"अहो, इतकी वर्षं मी एकटाच बोलत होतो," ते म्हणाले. "परवा पहिल्यांदा तिकडून उत्तर आलं."

आणि त्यांनी शेजारची बेल वाजवली.