खिडकीतला फेटा

वास्तुशांतीच्या मांडवात मी कंत्राटदाराचा फेटा अडवला, याची वडिवळ्यात अजून चर्चा होते. होऊ दे. दोघीतिघी तर मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, की बाईच्या जातीला हे शोभलं नाही, त्यात शाळेत शिकवलेल्या. मला विचाराल तर चांगलं शोभलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा अडवीन.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं परत आलं ते तुटक, आणि चालणं परत आलं ते वॉकर धरून. सोमाटण्याला भाड्याच्या दोन खोल्या घेतल्या, कारण व्यायाम करून घेणारी ताई तिथे रोज येऊ शकत होती. त्या खोल्यांत ह्यांनी एकच ध्यास धरला. वडिवळ्याला आपल्या भातखाचराशेजारी घर बांधायचं आणि आत आपल्या पायांनी जायचं. "आपल्या पायांनी" एवढे दोन शब्द त्यांना पहिल्यांदा सलग म्हणता आले, तेव्हा ताई आणि मी वेड्यासारख्या टाळ्या वाजवत होतो.

कंत्राटदार गावातलाच, माझ्या हाताखालून चौथी पास झालेला. तेव्हाही गृहपाठाचं शेवटचं गणित सोडून यायचा आणि विचारलं की गोड हसायचा. पावसाळ्यात खाचराचं पाणी अंगणात येतं म्हणून घराचं जोतं अडीच फूट उचलायचं ठरलं. म्हणजे पायऱ्या आल्या, आणि पायऱ्या ह्यांना जमणार नव्हत्या. मग मी चौकटीच्या कागदावर रॅम्प काढून दिला. एक फूट चढायला बारा फूट लांबी, हा ताईने सांगितलेला हिशेब. म्हणजे तीस फूट, मध्ये एक वळण, एका बाजूला कठडा. त्याने कागद उलटासुलटा करून पाहिला.

"तीस फूट? बाई, ट्रक चढवायचाय का काय वरती?"

"ट्रक नाही, माझा नवरा चढवायचाय," मी म्हटलं. त्याने हसून सही केली.

घर उभं राहिलं. खोटं कशाला बोलू, चांगलं राहिलं. भिंती सरळ, फरशी सपाट, स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट खाचर दिसतं. फक्त दारापुढे काही नव्हतं. विटांचा ढीग आणि त्यावर टाकलेली एक फळी. माणसं त्या फळीवरून तोल सांभाळत आत-बाहेर करत होती, आणि आमचे हे अंगणात खुर्चीवर बसून आपलं घर बाहेरून बघत होते.

मी फोन केला की उत्तर ठरलेलं. "करतो की बाई, आमी काय पळून चाललोय व्हय? लोणावळ्याला बंगल्याचा स्लॅब हाय, तेवढा झाला की माणसं हितंच आणतो." लोणावळ्याचा एक स्लॅब झाला, दुसरा झाला, मग तिथे कुणाला पोहायचा तलाव हवा झाला. सुट्टीपुरतं येणाऱ्यांच्या तलावाला माणसं होती, आणि माझ्या रॅम्पला नव्हती! एकदा तर मी कामशेतच्या बाजारात त्याला पेरू घेताना गाठलं. चार माणसांत झापलं. त्याने मलाच दोन पेरू दिले. पैसे म्हणाल तर ते मी कधीच देऊन बसले होते. आपला विद्यार्थी म्हणून विश्वास टाकला, हा माझा गाढवपणा.

मग एक दिवस तो आपण होऊन सोमाटण्याला आला. म्हणाला, "बाई, गुरुजींना इचारलंय, मुहूर्त लय चांगला हाय. वास्तुशांत उरकून घ्या. रॅम्प काय, मागाहून हुतोय."

"आणि हे आत कसे जाणार?"

"त्यात काय एवढं? आबांना चौघं उचलून न्हेऊ. खुर्चीसकट."

हे कोपऱ्यात बसले होते. डाव्या हाताने वॉकरची दांडी अशी आवळली की बोटं पांढरी पडली. बराच वेळ तोंडाशी झगडून ते म्हणाले, "चौघं... शेवटी."

कंत्राटदाराने चहाचा कप खाली ठेवला आणि चपला शोधायला लागला. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की काय सांगू! पण मी त्याला दारापर्यंत सोडायला गेले आणि शांतपणे म्हणाले, "चालेल. धर मुहूर्त."

त्याला वास्तुशांतीची एवढी घाई का, ते मला कळत होतं. आमच्याकडे वास्तुशांतीला गवंडी, सुतार आणि कंत्राटदार यांना सगळ्या गावासमोर फेटा बांधून नारळ देतात. तो त्यांचा मान. पण एकदा फेटा बांधला की काम पुरं झालं, असं गाव धरतं. त्यानंतर मालकाने कुरकुर केली तर लोक मालकालाच नावं ठेवतात, की मान दिला तेव्हा गप्प होता आणि आता तोंड उघडतोय. कामशेतच्या माझ्या मैत्रिणीने असाच फेटा बांधला आणि तिच्या गच्चीला अजून कठडा नाही. एवढे शहाणे लोक, पण दहा ओळींच्या करारापेक्षा पाच मीटर कापडाला जास्त मानतात. बरं, तर मग कापडच सही.

मुहूर्ताच्या दिवशी मांडव मी अंगणात घातला. गुरुजी कुरकुरले. मी त्यांना म्हटलं, "गुरुजी, यजमान जिथे आहे तिथेच पूजा होणार. यजमान खाली आहे." त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं, आणि गणपतीचं पूजन मांडवातच केलं. बाकीचा विधी, म्हणाले, तुम्ही घरात शिराल त्या दिवशी. जेवणं झाली. बुंदी कुणाला कमी पडू दिली नाही. मग माइकवाल्याने सुताराला पुकारलं, फेटा बांधला. गवंड्याला बांधला. त्याने बिचाऱ्याने काय वाकडं केलं होतं? मग कंत्राटदाराचा पुकारा झाला. इस्त्रीचे पांढरे कपडे, कपाळाला गंध, केस चापूनचोपून बसवलेले. तो पुढे येऊन मान किंचित वाकवून उभा राहिला.

मी माइक घेतला.

"ह्याने घर चांगलं बांधलंय," मी म्हटलं. "ह्याचा मान मी ठेवणार. पण तो दारात ठेवणार. वर, उंबऱ्यापाशी. आमचे हे आपल्या पायांनी तिथे पोचतील त्या दिवशी हा फेटा ह्याच्या डोक्यावर चढेल. तोवर कुणाच्याच नाही."

मागून एक म्हातारा खो खो हसला. फेटेवाला गुलाबी कापड हातात धरून खुळ्यासारखा उभा होता. मी घरातून घागर मागवली, पालथी घातली आणि त्याला म्हटलं, "बांध ह्याच्यावर. तुझी मजुरी फुकट जायला नको." त्याने तुरा काढून असा झकास बांधला की बास. ती घागर मी समोरच्या खिडकीत ठेवली, काचेआड, धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरून दिसेल अशी. कंत्राटदार पान न खाता निघून गेला.

मग गावाने जे केलं ते दहा वकिलांनाही जमलं नसतं. दुधाच्या गाडीपाशी, पारावर, जिथे तो दिसेल तिथे एकच विचारणा. "काय रं, डोकं अजून बोडकंच?" "फेटा वाळत घातलाय व्हय?" पाचव्या दिवशी लोणावळ्याहून त्याची माणसं टेम्पो भरून आली.

आणि पठ्ठ्याने बांधला काय? आठ फुटांचा रॅम्प. मोटारसायकल चढवायला छान. मला वाटलं तिथेच बसून रडावं. रडले नाही. वॉकर आणला, त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "चढ. उजवा पाय वाकवायचा नाही, उजव्या हाताने धरायचं नाही." तो हसत हसत निघाला. तिसऱ्या पावलाला वॉकर मागे सरकला आणि हा गुडघ्यावर आला. माणसं बघत होती. तो उठला, गुडघा झटकला. माझ्याकडे न बघता माणसांना म्हणाला, "फोडा." मग खालच्या आवाजात मला म्हणाला, "बाई, तो कागद हाय का अजून? आमच्याकडचा कुटं गेला काय म्हाईत."

कागद होताच. शिक्षिकेकडे कागद नसेल तर कुणाकडे असेल? तीस फूट झाला. पाय सटकू नये म्हणून ओल्या सिमेंटवर खराट्याने आडव्या रेघा ओढल्या, त्या त्याने स्वतः वाकून ओढल्या. पुढे दहा दिवस मी पाइप धरून पाणी मारत होते आणि कुत्र्याला हाकलत होते.

ह्यांचा चढायचा दिवस गावाला न सांगताही कळला. कंत्राटदार वर उंबऱ्यापाशी जाऊन उभा होता, मी फेट्याची घागर घेऊन त्याच्या शेजारी. हे निघाले. वॉकर, डावा पाय, मग ओढत उजवा. वळणावर थांबून श्वास घेतला. कंत्राटदार न राहवून चार पावलं खाली गेला आणि हात पुढे केला. "सोड," हे म्हणाले. तो भिंतीला चिकटून मागे आला.

पाव तास तरी लागला असेल. हे उंबऱ्यापाशी आले, मान पुढे काढून घर आतून पाहिलं. मला वाटलं, आता पाऊल आत टाकणार. तर त्यांनी वॉकर फिरवला. एकेक पाऊल मोजत पुन्हा खाली गेले, थेट अंगणापर्यंत. तिथून वळून वर बघितलं, घामाने भिजलेले, आणि म्हणाले, "परत."

आणि निघाले की पुन्हा.

"बाई," कंत्राटदार हळूच म्हणाला, "फेटा?"

"थांब रे," मी म्हटलं. "त्यांचं अजून चढून झालेलं नाही."