मुलुंड ते मुलुंड, मार्गे मंडप

कॅम्परव्हॅन म्हटलं की लोक माझ्याकडे लडाखचे फोटो मागतात. माझ्याकडे भांडुप, अंधेरी आणि बोरिवलीचे आहेत. त्यातही अंधेरीच्या बऱ्याच फोटोंत फक्त गुलाबी कापड दिसतं. तरीसुद्धा उतारवयात ज्यांना गाडीत गादी टाकून गाणं ऐकत फिरायची हुक्की येते, त्यांच्यासाठी हे सगळं नीट सांगते.

आधी गाडी का घेतली ते. माझा नवरा शिरीष कॉलेजपासून गाण्याचा वेडा. मांडीवर ताल धरतो, स्वतःची मांडी दुखायला लागली की शेजाऱ्याची घेतो. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून त्याला अर्ध्या तासाच्या वर बसवत नाही, आडवं व्हावं लागतं. शास्त्रीय संगीतात अर्ध्या तासात गवई अजून रागाची ओळख करून देत असतो. त्यामुळे मैफली सुटल्या. घरी पलंगावर पडून फोनवर ऐकायचा, तेही भिंतीकडे तोंड करून. बायको म्हणून बरंच काही बघितलंय मी, पण ती पाठ मला बघवेना.

मग मी एक जुनी स्कूल व्हॅन विकत घेतली. मागच्या सीटा काढून त्या जागी पलंग, एक पंखा, पाण्याची टाकी आणि वर सामानासाठी कॅरियर बसवून घेतला. पिवळा रंग घालवून पांढरा दिला. कागदपत्रांना गाडीपेक्षा जास्त वेळ लागतो, ते धरून चाला. बेत असा की गाडी मंडपाला लागून उभी करायची, मागचं दार उघडायचं आणि शिरीषनं आडवं पडून गाणं ऐकायचं. गाडी मी चालवते. शिरीष रस्ता सांगतो, शक्यतो वळण मागे गेल्यावर.

खरं जायचं होतं मिरजेला. तिथं चिंचेच्या झाडाखाली गाणं होतं आणि ते ऐकायचं शिरीषच्या मनात कित्येक वर्षं आहे. पण आमची मुलगी केतकी, जी ठाण्याला राहते आणि आमच्या दोघांची आई असल्यासारखी वागते, तिनं अट घातली.

"आधी मुंबईतल्या मुंबईत एक वीकेंड काढून दाखवा. भांडुप, अंधेरी, बोरिवली. तीन कार्यक्रम, रात्री गाडीतच झोपायचं, आणि मला मदतीला बोलवायचं नाही. जमलं तर जा मिरजेला. नाही जमलं तर गाडी विकायची."

"आणि तू दर तासाला फोन करणार," मी म्हटलं.

"एकदाही करणार नाही. मी मध्ये पडणारच नाही."

मी आयुष्यभर वीजबिलाच्या खिडकीत बसले आहे. कोण काय बोललं हे माझ्या लक्षात राहतं.

शनिवारी दुपारी मुलुंडहून निघालो आणि शिरीषनं डबा उघडायच्या आत भांडुप आलं. जगात यापेक्षा लहान रोड ट्रिप कुणी केली असेल तर कळवा. तिथं मैदानात डबलबारी होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, दोन भजनी मंडळं समोरासमोर बसतात, एक बुवा गाता गाता दुसऱ्याला टोमणा मारतो आणि दुसरा त्याची गाण्यातच परतफेड करतो. प्रवेश फुकट. शेजारच्या खानावळीत बांगड्याची थाळी मिळते, दोघांचं पाचशेच्या आत भागलं. सार्वजनिक शौचालयासाठी सुट्टे पैसे जवळ ठेवा.

शिरीष जेवणानंतर रक्तदाब मोजतो. दार उघडं, तो पलंगावर, दंडाला पट्टा. पांढऱ्या गाडीत हे दृश्य बाहेरून कसं दिसतं याचा विचार आम्ही केला नव्हता. एक म्हातारबुवा पायरीशी येऊन उभे राहिले.

"गे बाय, हयसर प्रेशर बघतत काय? माका सकाळपासून गरगरता."

त्यांना नाही म्हणणं बरं दिसेना. शिरीषनं त्यांचं बघितलं आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. "मगे बरा आसा, सुनेक सांगतंय," म्हणून ते गेले आणि सुनेलाच घेऊन आले. तिच्या मागे तिच्या शेजारणी. बघता बघता रांग लागली. माझा वर्षानुवर्षांचा सराव, मी खिडकीत जाऊन बसले आणि "एकेकानं या, धक्काबुक्की करू नका, दुपारी दीडनंतर बंद" असं आपोआप माझ्या तोंडून निघालं. तेव्हा चार वाजले होते, पण कुणी हरकत घेतली नाही. शिरीष पडल्या पडल्या एका हातानं फुगा दाबत होता आणि दुसऱ्या हातानं पखवाजाचा ठेका धरत होता. त्यामुळे भांडुपमध्ये काही जणांचा रक्तदाब त्या दिवशी तालात मोजला गेला असावा.

संध्याकाळी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडनं अंधेरीला निघालो. त्या रस्त्याबद्दल काय लिहू, गाडीत पलंग असल्याचा खरा उपयोग तिथं कळतो. अंधेरीत एका शाळेच्या मैदानात रविवार-सोमवार असं दोन दिवसांचं संगीत संमेलन होतं. आमचं तिकीट रविवार सकाळचं. मैदान अजून मोकळंच होतं. वॉचमनला विचारलं, तो म्हणाला, "लगा लो मैडम, उधर कोने में." मी कोपरा निवडला, सपाट जागा बघितली, कानात कापूस घातला आणि आम्ही झोपलो.

सकाळी जाग आली तेव्हा घड्याळात उजाडलं होतं, पण गाडीत नव्हतं. दार उघडलं तर बाहेर कापड. चुणीदार, गुलाबी. दुसरं दार उघडलं तर बांबू. मी कापडाखालून वाकून बाहेर आले आणि बघते तर आमच्या भोवती, वर, मागे, सगळीकडे मंडप उभा राहिला होता.

मंडपवाल्याचं नाव बबन. तो तोंडात सुतळी धरून शिडीवर उभा होता.

"मावशी, तुम्ही आत होता होय?" तो म्हणाला. "आम्हाला वाटलं, गाडी कार्यक्रमाचीच. पांढरी गाडी, पंखा दिसला, म्हटलं कलाकारांची सोय केलीय."

"बरं, आता काढ बाहेर. संध्याकाळी आम्हाला बोरिवलीला पोचायचंय."

"कशी काढणार? स्टेजचा मागचा पडदा तुमच्या कॅरियरलाच बांधलाय. गाडी हलली की पडदा गाणाऱ्या बाईंच्या डोक्यावर. उद्या रात्री कार्यक्रम संपला की सोडतो."

माझी वाट लागली होती. बोरिवली चुकली म्हणजे अट चुकली, आणि अट चुकली म्हणजे मिरज गेलं, गाडी गेली, आणि शिरीष परत भिंतीकडे तोंड करून. केतकीला फोन करावा तरी तेच. मी आत येऊन त्याला सगळं सांगितलं. तो पलंगावर उठून बसला आणि म्हणाला, "म्हणजे आपण स्टेजच्या मागे आहोत?" त्याचा चेहरा बघून मला हसू आलं आणि रागही आला.

थोड्या वेळानं संमेलनाचे चिटणीस आले. रेशमी झब्बा, खिशात चार पेनं. गाडी आमची खासगी आहे हे त्यांच्या कानावर घालायचा मी प्रयत्न केला, पण ते एका बुजुर्ग गायिकेला हात धरून आत चढवण्यात गुंतले होते. बाई आल्या, पलंगाच्या कडेला बसल्या, आमच्या थर्मासमधलं गरम पाणी प्यायल्या आणि शिरीषकडे वळल्या.

"तुमचं काय? पाठ?"

"मणका."

"माझे गुडघे. सरका थोडे, दहा मिनिटं पाय लांब करते."

ज्यांचं गाणं ऐकण्यापायी शेवटची लोकल चुकवून शिरीष एकेकाळी माटुंग्यापासून चालत घरी आला होता, त्या बाईंना त्यानं स्वतःची उशी दिली.

मैफल सुरू झाली. मागचं दार उघडं, समोर पडदा आणि पडद्यापलीकडे हातभर अंतरावर बाईंची पाठ. समोरून ऐकताना न कळणाऱ्या गोष्टी मागून ऐकू येतात. वरच्या स्वराला जायच्या आधी त्या छोटा श्वास घेत होत्या, तो मला ऐकू येत होता. मला गाण्यातलं फारसं कळत नाही, पण त्या श्वासानं माझ्या अंगावर काटा आला.

शिरीषला तो स्वर लागल्या लागल्या "वा" म्हणायची सवय. पडद्याशी तानपुऱ्याचा माइक होता. त्यामुळे पहिला "वा" अख्ख्या मैदानात घुमला. प्रेक्षक चिटणीसांकडे बघू लागले. दुसऱ्या "वा"ला चिटणीस कापडाखालून रांगत आले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, मागून दाद देऊ नका. लोकांना वाटतंय, आकाशवाणी झाली."

शिरीषनं मान डोलावली, तोंडात टॉवेलचं टोक धरलं, डोळे मिटले. आणि झोपला. मग घोरायला लागला. तेही माइकवर. मी त्याला हलवायला हात पुढे केला तोच पलीकडून गाणं थांबलं आणि बाईंचा आवाज आला, "कुणी उठवू नका त्यांना. मी जरा हळू गाते."

आणि खरंच त्या खालच्या सुरात गायल्या. भरल्या मंडपात सगळे एका माणसाची झोप मोडू नये म्हणून गप्प बसून ऐकत होते. मी शिरीषकडे बघितलं. त्याचं तोंड स्टेजकडे होतं.

सकाळची मैफल संपता संपता कापड वर झालं आणि केतकी आत आली. केस विस्कटलेले, पायात घरातली चप्पल.

"काल रात्रीपासून माझ्या फोनच्या नकाशात तुमचा ठिपका मैदानाच्या कोपऱ्यात आहे," ती म्हणाली. "हलतच नव्हता. फोन करायचा नाही म्हणून इथला कार्यक्रम लाइव्ह लावला, आणि माइकवर बाबा घोरताना ऐकू आला. दोन खोल्यांत ते ऐकत लहानाची मोठी झालेय मी. लगेच निघाले."

"मग अट तू मोडलीस. मध्ये पडणार नव्हतीस."

"आई, तुमची गाडी पडद्याला बांधलीय."

"पण आम्ही कुणाला बोलावलं नाही."

बबन शिडीवरून सगळं ऐकत होता. तो म्हणाला, "या उंचीची दुसरी गाडी लावली तर पडदा तिला बांधतो की. तुमची मोकळी."

आम्ही तिघं कापडाच्या फटीतून बाहेर बघायला लागलो. फाटकाशी केतकीची उंच, नवी, अजून हप्ते चालू असलेली गाडी उभी होती.

"अजिबात नाही," केतकी म्हणाली.

तेवढ्यात शिरीषला जाग आली. "केतू, तू पण आलीस?" तो म्हणाला. "अगं, त्या माझ्या उशीवर झोपल्या होत्या. संध्याकाळी बोरिवलीला सतार आहे, चल." दोन वर्षांत त्यानं तिला कुठं चल म्हटलं नव्हतं. तिनं किल्ली काढून बबनच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "ओरखडा आला तर बघ."

हायवेनं बोरिवलीला निघालो तेव्हा केतकी मागे शिरीषशेजारी टेकली होती. गोरेगावपर्यंत ती मला लेन सांगत होती, नंतर आवाज बंद झाला. तिच्या घरी दोन लहान मुलं आहेत, ऑफिस आहे आणि वर आम्ही आहोत. मैदानालगत गाडी लावली, दार उघडलं. सतारिये उत्तम होते, पावभाजीही चांगली होती. केतकी सगळा वेळ झोपली होती. सतारीच्या शेवटच्या, वेगवान झाल्यात तिला जाग आली.

"कुठे आहोत?"

"बोरिवली."

"संपलं?"

"आता संपतंय."

ती उठली नाही, कूस बदलून ऐकत राहिली. येताना घोडबंदरनं आलो, ठाण्याला तिला सोडलं आणि मुलुंडला घरी पोचलो. निकालाबद्दल ती "बघू" एवढंच म्हणाली. आम्ही तिन्ही कार्यक्रम ऐकले होते, गाडीत झोपलो होतो, कुणाला बोलावलं नव्हतं. पण ती आली होतीच, तेव्हा ती काय धरेल याची मला खात्री नव्हती.

घरी येऊन दोन दिवस झाले. खर्च विचाराल तर सगळ्यात महाग पडलं ते अंधेरीचं तिकीट, ज्याच्या खुर्च्यांवर आम्ही बसलोच नाही. काय उरलं विचाराल तर तो श्वास उरला. शिरीष घरातसुद्धा आता खोलीकडे तोंड करून पडतो. मी त्याला तसं सांगितलं नाही, सांगितलं तर मुद्दाम वळेल.

मंगळवारी संध्याकाळी फोन वाजला. केतकी गाडी आणायला अंधेरीला गेली होती.

"आई, इथं आता लग्न आहे. मैदान दुसऱ्यांनी घेतलंय, मंडप तोच ठेवलाय, फक्त कापड बदललंय. माझी गाडी नवरानवरीच्या मागे आहे. तिला झेंडूच्या माळा लावल्यात. बबन म्हणतो, उद्या सोडतो. एक रिक्षा थांबत नाहीये." मग म्हणाली, "न्यायला येतेस?"

"मदतीला बोलवायचं नाही असं ठरलं होतं," मी म्हटलं.

"आई, मिरजेला जा, कुठं जायचं तिथं जा. आधी मला इथून ने."

मी किल्ली घेऊन खाली उतरले. शिरीष माझ्या आधीच गाडीत जाऊन आडवा झाला होता, झब्बा बदलून.

"लग्नात सनई असेल ना गं?" त्यानं विचारलं.