आतोबांची जपानी चकती

आमच्या आतोबांइतका काळ्या रंगावर जीव टाकणारा माणूस उभ्या नाशकात सापडला नसता. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, पिढीजात तांबट. अर्धी हयात हंडे-घागरी ठोकण्यात गेली. एकदा मोडीत आलेल्या भांड्यांत त्यांना तळहाताएवढी एक चकती मिळाली, मधोमध भोक असलेली. कोणा प्राध्यापकांनी सांगितलं, ही जुन्या जपानी तलवारीची. पातं आणि मूठ यांच्यामध्ये बसवायची. तिकडे हिला त्सुबा म्हणतात. झालं! त्या दिवसापासून माणूस कामातून गेला.

चकतीवर तांदळाएवढे सोन्याचे दोन पक्षी आणि रंग पिकल्या जांभळासारखा काळा. "लावलेला नाही हो हा रंग! तांब्यात चिमूटभर सोनं घालून मुरवलाय!" हे त्यांनी पंचवटीतल्या भाजीवाल्यांना ऐकवलं, रिक्षावाल्यांना ऐकवलं, लग्नात हातात अक्षता घेऊन ताटकळलेल्यांनाही सोडलं नाही. धाकट्या भावाने चकतीला नुसतं बोट लावलं, तर त्याच्याशी वर्षभर अबोला. तसाच काळा रंग आणायला वीस वर्षं तांबं उकळत बसले. आला तो शेवाळी हिरवा. सगळ्या गावाला सांगितलं, बायकोला तेवढं सांगायचं राहिलं. तीही ऐकणारी नव्हतीच. "घरातलं माणूस काळवंडलं तरी यांना दिसायचं नाही. मी त्या चकतीला हात लावणार नाही बाई!" म्हणायची.

गेल्या वर्षी आतोबांचं दुखणं विकोपाला गेलं, डॉक्टरांनी "आता घरी न्या" म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. तांबटाच्या घरी त्या दिवशी हातोड्या, ऐरण, सगळं घासूनपुसून पुजतात. आतोबांना एवढंच हवं होतं, ती चकती एकदा पूजेत मांडलेली बघायची.

सकाळी आत्या तबक घेऊन आली. चकती लालभडक! तो जांभळासारखा काळा रंग पार निघून गेला होता.

"केवढा काळपटपणा हो! चिंच आणि राख लावून तासभर घासत होते," आत्या म्हणाली. तिची बोटं पांढरीफटक पडली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने त्या चकतीला हात लावला होता.

आतोबांनी चकतीकडे पाहिलं, मग तिच्या बोटांकडे.

"छान निघालीय गं," ते म्हणाले.

ती कुंकू आणायला आत गेली, तसं त्यांनी माझं मनगट धरलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "तिला कधी कळू देऊ नकोस," म्हणाले. चौथ्या दिवशी गेले.

यंदाच्या खंडेनवमीलाही आत्या चिंच घेऊन बसली. दोनातला एक पक्षी आता झिजून गेलाय. घासता घासता तिने विचारलं, "त्यांना आवडली होती ना रे?"

"खूप आवडली होती," मी म्हणालो, आणि तिच्या हातातली चकती घेऊन उरलेली बाजू स्वतः घासून दिली.