उजवं बटण, डावं पातं

धक्क्याजवळच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये येऊन कोणी "काका कुठे आहेत?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "खाली." खाली म्हणजे कुठल्या ना कुठल्या होडीखाली, चाकं लावलेल्या फळीवर उताणे, तोंडात स्क्रू धरून. एकेचाळीस वर्षं माणूस खालीच सापडत आला, म्हणून त्यांचं नाव 'खालचे काका' पडलं. त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा त्यांना याच नावाने हाक मारत, आणि तेही निमूट ओ देत.

अलीकडे खाली जाणं जमत होतं, वर येणं जड जायचं. गुडघे पार कामातून गेले होते. फळीवरून उठताना धरायला त्यांनी वरच्या तुळईला एक दोर बांधला होता आणि विचारणाऱ्याला "सामान ओढायला बरा पडतो" असं सांगून ठेवलं होतं. त्या दोराने सामान ओढलेलं आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

शेड आता त्यांची लेक चालवायची. इंजिनं तिच्याकडे, भोकं पाडणं, पत्रे बसवणं, वायरी ओढणं काकांकडे. या वर्षात काकांच्या हातून दोन चुका झाल्या. एकदा तळाचं बूच लावायचं राहिलं आणि एका दंतवैद्याची कोरी करकरीत होडी बांधल्या जागी गुडघाभर पाण्याने भरली. दुसऱ्यांदा ड्रिल थेट पेट्रोलच्या नळीत घुसलं. त्या दिवशी लेक रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती समोर स्टूल ओढून बसली.

"बाबा, पेट्रोल होतं ते. तिसरी चूक झाली की हत्यारं खाली ठेवायची. कबूल?"

"कबूल," काका म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते!

त्याच आठवड्यात शेडवरच्या खोलीत, खिडकीपाशी, पाठ मागे कलणारी एक मोठी खुर्ची आली. काकांनी तिच्यावरचं प्लास्टिक काही काढू दिलं नाही. प्लास्टिक आहे तोवर खुर्ची दुकानातच आहे, असं ते धरून चालले होते. त्यांना कामाची हौस उरली होती असं मुळीच नाही. माणूस दमून गेला होता, हाडात मुरलेलं दमणं. पण काम नसलेला दिवस कसा काढतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्याची त्यांना भीती वाटत होती.

अशात एका सकाळी हेडबाई आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, आवाज अजून शाळेच्या पटांगणाचा. चाकांच्या खुर्चीत त्यांचे यजमान. सगळे त्यांना पंपवाले साहेब म्हणत, कारण उभी नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपांवर काढलेली. निवृत्तीनंतर त्यांनी जेट बोट घेतली, तीही पंपापायीच. या होडीला बाहेर पंखा नसतो. आतला पंप पाणी ओढतो, मागच्या तोंडातून जोरात फेकतो आणि त्या धक्क्यावर होडी पळते. "गाद्या लावलेला पंप आहे हा," असं साहेब सांगायचे. आता ते काहीच सांगत नव्हते. आठ महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली.

"होडी मी शिकले चालवायला," हेडबाई म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, फिरवून आणा. पण हे डावीकडच्या सीटवर बसतात, ब्याण्णव किलो, आणि जागचं हलता येत नाही. होडी डावीकडे कलते. शिवाय जरा वेग घेतला की नाक उचललं-आपटलं, उचललं-आपटलं. यांच्या मानेला हिसके बसतात." मग आवाज खाली आणून, म्हणजे शेडच्या पलीकडच्या भिंतीपर्यंतच जाईल असा करून, त्या म्हणाल्या, "खरं सांगू का, यांना आता काही कळत नाही. मी आपली माझ्या समाधानासाठी करतेय."

साहेब भिंतीवर टांगलेल्या पान्यांकडे बघत होते.

काकांनी दोन प्रकारच्या ट्रिम टॅब आणून टेबलावर ठेवल्या. ते त्यांना पाती म्हणत. स्टीलचे तळहाताएवढे रुंद पत्रे, होडीच्या मागच्या भिंतीला तळाशी बिजागरीने बसवायचे. पातं खाली वाकलं की पाणी त्याला वर ढकलतं, मागची बाजू उचलली जाते आणि नाक खाली येतं. पहिला प्रकार दट्ट्याचा, आपला आपण चालणारा. वायर नाही, बटण नाही, दुपारपर्यंत काम संपलं. दुसऱ्याला विजेची मोटर, दोन पात्यांना दोन बटणं आणि पाठीमागच्या झाकणातून आत सरपटत जाऊन ओढायच्या वायरी.

"तुमचं मत काय?" बाईंनी विचारलं.

काकांचे गुडघे पहिल्या प्रकाराच्या बाजूने होते. कंबर तर हात वर करून मत देत होती. तरी काका म्हणाले, "दट्ट्याची घेऊ नका. ती दोन्ही एकसारखीच वागतात. नाक आपटायचं थांबेल, पण साहेबांचं वजन एका बाजूला आहे. डावीकडचं वेगळं उचलता आलं पाहिजे."

मग त्यांनी बटणं समजावली. "वायरी अशा जोडायच्या." त्यांनी छातीसमोर दोन्ही मनगटांची फुली केली. "उजवं बटण दाबलं की डावं पातं खाली जातं."

"हा कुठला न्याय?"

"डावी बाजू वर आली की उजवी खाली बसणारच ना? तुम्ही फक्त बघायचं, कुठली बाजू वर आलीय. त्या बाजूचं बटण दाबायचं. वर आलेल्याला दाबायचं, बस्स."

"एवढी वर्षं पोरांना डावं-उजवं शिकवलं," हेडबाई म्हणाल्या, "आणि तुम्ही मला म्हातारपणी नापास करणार."

पंपवाल्या माणसाला डावलून बायकोलाच सगळं सांगणं काकांना बरं दिसेना. ती हातांची फुली त्यांनी साहेबांसमोरही जरा वेळ धरली. साहेबांची पापणीही हलली नाही.

काम दोन दिवसांचं. जेटच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना जागा थोडी, म्हणून पाती लहानच घेतली. रिव्हर्सला एक झाकण खाली येतं आणि पाणी पुढे फेकतं, त्याच्या आड पातं येऊन चालत नाही. काकांनी सरळ पट्टी धरून तळाची रेघ काढली, तीनदा मापली आणि मग ड्रिल लावलं. भुगा कोरडा निघाला, म्हणजे आत लाकूड कुजलेलं नव्हतं. भोकांत सीलंट भरून स्क्रू आवळले. हात जराही हलला नाही. बऱ्याच दिवसांनी काका स्वतःवर खूश झाले.

दुसऱ्या दिवशी ते पाठीमागच्या झाकणातून आत शिरले आणि वायरी ओढून फुलीत लावल्या, बरोबर लावल्या. तेवढ्यात गुडघ्यात कळ आली. ते बाहेर आले, चहा घेतला, पाच मिनिटं डोळे मिटले आणि पुन्हा आत गेले. समोर दोन वायरी एकमेकींवर चढलेल्या. काकांना वायरींचा गुंता बघवत नसे, जन्माची खोड. डोकं दमलेलं, हात सवयीचे. त्यांनी वायरी सोडवल्या, सरळ केल्या, पट्ट्यांनी सुबक बांधल्या आणि आपल्याच हाताने आपलं बरोबर काम मोडलं.

बटण दाबताना दुसऱ्या कोणी मागे उभं राहून पातं बघायचं, हा शेडचा नियम होता. पण त्या कबुलीपासून लेकीला "जरा बघ गं" म्हणायची त्यांना लाज वाटू लागली होती. त्यांनी एकट्यानेच बटणं दाबली. दोन्ही मोटरी घुर्र वाजल्या. काकांना तेवढं पुरलं.

शनिवारी सकाळी होडी पाण्यात उतरली. उजवीकडे सुकाणूवर हेडबाई, डावीकडे पट्ट्याने बांधलेले साहेब, मागे काका. लेक धक्क्यावर राहिली. बाईंनी वेग घेतला आणि नाक आपटू लागलं. काकांनी दोन्ही बटणं एकदम दाबायला सांगितली. नाक खाली बसलं, हिसके थांबले.

"अगं बाई!" हेडबाई म्हणाल्या. "आता कलणं. उजवी बाजू वर आहे, म्हणजे उजवं. बरोबर?"

त्यांनी उजवं बटण दाबलं. होडी डावीकडे आणखी कलली. पुन्हा दाबलं, तर साहेब सीटवर घसरून कडेला टेकले. बाईंनी घाबरून वेग तोडला.

चहानंतरच्या त्या सुबक सरळ वायरी त्यांना डोळ्यांसमोर दिसल्या. तिसरी. पण कोणाला कळणार होतं? शेडमध्ये जायचं, दोन जोड अदलाबदल करायचे, तीन मिनिटांचं काम.

"आज पाण्याला ओढ आहे," ते म्हणाले. "परत जाऊ, मी जरा बघतो."

तेव्हा साहेब हलले. डाव्या हाताने त्यांनी आपला निर्जीव उजवा हात उचलला, मांडीवर ठेवला आणि डावं मनगट त्यावर आडवं टाकलं. उजवा हात घसरला. त्यांनी तो पुन्हा उचलला, पुन्हा तसाच ठेवला.

"काय होतंय? दुखतंय का? रुमाल हवाय?" बाई वाकल्या. मग काकांकडे वळून थकल्या आवाजात म्हणाल्या, "असं मधूनच करतात काहीतरी. अर्थ नसतो हो त्याला."

काका त्या दोन हातांकडे बघत राहिले. पाण्याला ओढ असेल तर या फुलीला खरंच काही अर्थ नव्हता. त्यांची चूक झाकली जाणार होती आणि हा माणूस तिच्याखाली गाडला जाणार होता.

"अर्थ आहे, बाई," ते म्हणाले. "ओढबीढ काही नाही, मी खोटं बोललो. वायरी फुलीत लावायच्या होत्या, मी सरळ लावल्या. साहेब तेच सांगताहेत. त्या दिवशी मी हात करून दाखवले होते बघा."

हेडबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. "अहो? हे म्हणतात ते?"

साहेबांनी डाव्या हाताची बोटं उजव्या मनगटावर दोनदा आपटली. तोंडाचा डावा कोपरा वर गेला.

"म्हणजे सगळं कळत होतं? आठ महिने?" पटांगणाचा आवाज एकदम फुटला. "आणि मी तुमच्यासमोर काय काय बोलले हो... सगळ्यांना सांगत सुटले..." त्या त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडू लागल्या. इंजिन बंद, होडी हळूहळू वाहवत चाललेली. काकांनी पाण्याकडे तोंड केलं.

धक्क्यावर लेकीने दोर झेलला आणि बाईंचे डोळे पाहिले. "काय झालं?"

"काही नाही गं, छान झालं," बाई घाईने म्हणाल्या. त्यांना बापलेकीतल्या त्या कबुलीचं माहीत नव्हतं, पण काकांचा चेहरा त्यांनी वाचला असावा.

"तिसरी," काका म्हणाले. "वायरी सरळ जोडल्या."

लेक झाकणातून आत शिरली, तीन मिनिटांत बाहेर आली आणि बाईंना म्हणाली, "चला, मी येते मागे." काका धक्क्यावरच थांबले. उजवी बाजू वर होती ती दबली आणि होडी सरळ, पाटासारखी सपाट निघून गेली.

लेक परतली तोवर काकांनी ड्रिल पुसून तिच्या पेटीत ठेवलं होतं.

"बाबा, ही चूक धरायची नाही," ती म्हणाली. "तुम्ही बोलला नसता तर—"

"बोललो म्हणून चूक पुसली जाते का?" काका म्हणाले. "उद्या पुन्हा पेट्रोलच्या नळीत घुसेल ड्रिल. दमलोय गं मी. खरंच दमलोय."

हे इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा तोंडाने म्हटलं. लेकीने त्यांचा दंड धरला. कठड्याला धरून ते एकेक पायरी वर चढले आणि खुर्चीवरचं प्लास्टिक स्वतःच्या हाताने काढलं. मग बसले ते थेट दुपारी जागे झाले.

पुढच्या शनिवारी खालून लेकीच्या ड्रिलचा आवाज येत होता. जरा जास्त जोर देतेय, काकांना वाटलं, पण हाक मारली नाही. खिडकीतून जेट बोट येताना दिसली, अगदी सरळ. डाव्या सीटवरच्या माणसाने मान वळवून वर पाहिलं, एका हाताने दुसरा उचलला आणि फुली केली.

"चिडवतोय लेकाचा," काका म्हणाले. होडी वळणाआड जाईपर्यंत तेही छातीसमोर मनगटांची फुली धरून बसले.