मेहरबान चाचांची रेघ

इंग्लंडातल्या नेल्सन गावात, बंद पडलेल्या कापडगिरणीच्या जागेवर आमची नवी मशीद बांधायची ठरली. घुमट हिरवा की पांढरा यावर कमिटी वर्षभर भांडली आणि ते सगळं वहीत उतरवणं माझ्या नशिबी आलं, कारण चिटणीस मी.

जुन्या मशिदीला मक्केची दिशा दिली ती मेहरबान चाचांनी. पाकिस्तानातल्या मीरपूरहून येऊन आयुष्यभर मागावर राबलेला माणूस, आता ऐंशी पार. पन्नास वर्षांपूर्वी आठ-दहा जणांनी नमाजासाठी एक घर घेतलं, तेव्हा होकायंत्र एकट्या चाचांकडे होतं. त्यांनी खडूनं जमिनीवर रेघ मारली आणि सगळे त्या रेघेवर उभे राहू लागले. याचा त्यांना भारी अभिमान. रांगेत कुणी वाकडा उभा राहिला की त्याच्या पायाला चाचांची काठी टोचलीच म्हणून समजा.

नव्या जागेची आखणी करायला सिद्रा आली, आमच्याच गल्लीतली इंजिनियर. तिनं सहज जुन्या मशिदीतली रेघही मोजली. मग होकायंत्र कुठं ठेवलं होतं म्हणून तिनं चाचांना विचारलं. त्यांनी ऐटीत शेगडीवरची फळी दाखवली. शेगडी बिडाची, अर्धी भिंत व्यापणारी. लोखंडानं सुई ओढली होती आणि रेघ सोळा अंशांनी चुकली होती.

नियत साफ होती, सगळ्यांचे नमाज कबूल, असं इमामसाहेबांनी समजावलं. तरी कमिटीतला एक शहाणा म्हणालाच, "म्हणजे चाचांनी आपल्याला इतकी वर्षं बगदादपुढे वाकवलं." लोक हसले. मला त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं.

चाचा आठवडाभर घराबाहेर पडले नाहीत. मानी माणूस, लागलं असेल मनाला, असं मी धरून चाललो. मग एका सकाळी त्यांनी मला आणि सिद्राला कबरस्तानात बोलावलं. सिद्रानं दिशा मोजायचं यंत्र बरोबर आणायचं होतं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्यात मयताला मक्केकडे तोंड करून निजवतात, आणि इथल्या कबरी चाचांच्याच रेघेवर खणलेल्या. तिसऱ्या रांगेत त्यांची बायको गुलजार होती.

सिद्रानं दोनदा मोजलं.

"सांग, बेटी."

"तेवढेच, बाबाजी. सोळा."

चाचा ओल्या गवतात बसले आणि रडले. यापुढच्या कबरी नव्या मापानं खणायच्या ठरल्यात, असं मी उगाच बोलून गेलो.

त्यांनी गुलजारशेजारच्या राखून ठेवलेल्या जागेवर काठी टेकवली. "ही जुन्या रेघेवरच खणायची. लिहून घे."

"चाचा, इमामसाहेब ऐकणार नाहीत."

"ती माझ्या शब्दावर तिकडं तोंड करून निजलीय. मग मी एकटाच कसा सरळ निजू?"

मी वही काढली.